चिठ्ठ्यांची पेढी: डाऊ जोन्स आणि कंपनीची वाटचाल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत न्यूयॉर्कच्या एका कंपनीचा इतिहास कशाला, हा प्रश्न समितीत निघाला आणि तो रास्तच होता. उत्तरही तिथेच मिळाले. आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस "रात्री डाऊ किती होता?" या प्रश्नाने सुरू होतो. तेजी ‘प्रायमरी’ की ‘सेकंडरी’ यावर आपण तावातावाने भांडतो, तक्त्यावर रेघा मारतो, आणि हे सगळे ज्याच्या नावावर खपते त्या माणसाबद्दल विचारले की गप्प बसतो. चार्ल्स डाऊ दलाल नव्हते, अर्थशास्त्रज्ञ नव्हते, गणिती तर नव्हतेच. ते बातमीदार होते. बातमी विकून त्यांनी पेढी उभी केली, पेढीतून वर्तमानपत्र निघाले, आणि निर्देशांक हा त्या सगळ्या खटाटोपातला एक जोडधंदा होता. म्हणून हा इतिहास बाजाराच्या बाजूने न सांगता वृत्तपत्राच्या बाजूने सांगतो आहे.

डाऊंचा जन्म ६ नोव्हेंबर १८५१ रोजी कनेक्टिकटमधल्या स्टर्लिंग या गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. सहा वर्षांचे असताना वडील गेले. शाळा सोळाव्या वर्षाच्या आसपास सुटली. पुढे मिळेल ते काम करत ते मॅसॅच्युसेट्समधल्या ‘स्प्रिंगफिल्ड डेली रिपब्लिकन’ या पत्रात दाखल झाले. संपादक सॅम्युअल बोल्स यांचा त्या काळच्या अमेरिकी पत्रसृष्टीत दबदबा होता. जे काही सांगायचे ते पहिल्याच परिच्छेदात सांगा, अशी त्यांची शिस्त असल्याचे सांगतात. डाऊंनी पुढे तीस वर्षे तेच केले. तिथून ते ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात आले आणि १८७७ साली ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’मध्ये लागले.

या पत्रात त्यांचे खरे घडणे झाले, पण चटपटीत बातम्यांनी नव्हे. त्यांना जुनी कागदपत्रे उपसायची आवड होती. न्यूयॉर्क आणि प्रॉव्हिडन्स यांच्यातल्या आगबोटींच्या वाहतुकीचा इतिहास त्यांनी लिहिला. न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या श्रीमंती गावावर लिहिले, तेव्हा कुठल्या जमिनी कुणी कधी घेतल्या आणि त्यात किती कमावले, हेही तपशिलाने मांडले. आगबोट असो की जमीन, यात पैसा कुणाचा अडकला आणि फिटला किती, हा प्रश्न ते विचारत. आर्थिक पत्रकारिता म्हणजे अखेर याहून वेगळे काय असते?

१८७९ साली कोलोरॅडोतल्या लेडव्हिल येथे चांदी सापडल्याचा गाजावाजा झाला. खाणीत पैसा घालू पाहणाऱ्या भांडवलदारांची आणि भूगर्भतज्ज्ञांची एक तुकडी तिकडे निघाली आणि जर्नलने डाऊंना सोबत धाडले. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंचावर वसलेले ते गाव तंबू, गुत्ते आणि खड्डे यांनी भरलेले होते. डाऊंनी तिथून नऊ वार्तापत्रे पाठवली. खाणीत नशीब अजमावायला गेलेल्या बहुतेकांच्या हाती काही लागत नाही, हे त्यांनी सरळ लिहिले. पण त्यांची खरी कमाई खाणीत झाली नाही, ती आगगाडीत झाली. दिवसच्या दिवस एकाच डब्यात बसून, गप्पांत आणि जेवणात, पैसेवाली माणसे गुंतवणूक करण्याआधी काय काय विचारतात हे त्यांनी ऐकले. या लोकांना सल्ला नको असतो, माहिती हवी असते, आणि ती इतरांच्या आधी हवी असते, एवढे त्यांना उमगले. पुढच्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्क गाठले.

त्या वेळच्या वॉल स्ट्रीटवर आर्थिक बातमी कशी फिरत होती हे समजल्याशिवाय पेढीचे महत्त्व कळणार नाही. कंपन्यांनी हिशेब जाहीर करावेत असा कायदा नव्हता. तो यायला १९३३-३४ साल उजाडावे लागले. रेल्वे कंपनीने लाभांश द्यायचे ठरवले, तर ते आधी संचालकांच्या मित्रांना कळे, मग मित्रांच्या दलालांना, आणि उरलीसुरली बातमी लोकांपर्यंत येई तोवर भाव वर जाऊन बसलेला असे. बातमीदारांपैकी पुष्कळांचा खिसा एखाद्या सटोडियाच्या हातात होता. अमुक समभाग वर जाणार असे छापायचे आणि त्यातले थोडे आधीच आपल्या नावावर करून घ्यायचे, हा राजमार्ग मानला जात होता. आज समाजमाध्यमांवर टिपा वाटणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. त्यांचे पूर्वज तेव्हा मुख्य रस्त्यावरच दुकान मांडून बसले होते.

अशा ठिकाणी बातमी पुरवणाऱ्या संस्थांपैकी जॉन किर्नन यांची संस्था प्रमुख होती. हाताने लिहिलेल्या बातमीपत्रिका बँकांना आणि दलालांना पोचवणे हा तिचा धंदा. डाऊ तिथे लागले आणि त्यांनी प्रॉव्हिडन्समधले आपले सहकारी एडवर्ड जोन्स यांनाही बोलावून घेतले. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. डाऊ सहा फुटांहून उंच, अंगाने भरलेले, किंचित वाकून चालणारे, दाढीवाले. आवाज हळू, बोलणे तोलून मापून. जोन्स तापट, बोलघेवडे, माणसांत रमणारे, ताळेबंद हातात पडला की मिनिटभरात त्यातले व्यंग हेरणारे. फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या विंडसर हॉटेलात संध्याकाळी बडे सटोडिये जमत, तिथे जोन्स यांची ऊठबस होती. बाजार बंद झाल्यावर जे खरे बोलले जाते ते त्यांच्या कानी पडे.

किर्नन यांच्याकडेच तिसरा माणूस होता, चार्ल्स बर्गस्ट्रेसर. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागातून आलेला, लाफाएत कॉलेजातून १८८१ साली पदवी घेतलेला तरुण. लघुलेखन उत्तम, चिकाटी दांडगी. त्याने एक विशेष लेखणी बनवली होती, तिने एका वेळी तीस-पस्तीस प्रती निघत. या कल्पकतेच्या बदल्यात त्याला भागीदारी हवी होती, ती किर्नन यांनी दिली नाही. मग तिघे बाहेर पडले. नोव्हेंबर १८८२ मध्ये वॉल स्ट्रीट क्रमांक १५ या इमारतीच्या तळघरात, सोडावॉटरच्या दुकानामागे, ‘डाऊ, जोन्स आणि कंपनी’ सुरू झाली. शेअर बाजाराचे प्रवेशद्वार शेजारीच होते. बर्गस्ट्रेसर यांनी भांडवलातला मोठा वाटा उचलला, पण नाव मात्र पाटीवर आले नाही. इतके लांबलचक आडनाव पाटीवर शोभणार नाही असे त्यांचे स्वतःचेच मत पडले म्हणतात. ‘आणि कंपनी’ या दोन शब्दांत मावलेले बर्गस्ट्रेसर पुढे वीस वर्षे पेढीचा कणा होते. संस्थांच्या इतिहासात असा एक जण बहुधा असतोच. आपल्या मंडळातही आहे, त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितले आहे.

सालाकडे जरा लक्ष द्या. पुण्यात चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ काढले ते १८८१ साली. मुंबईत दलालांनी आपली संघटना बांधली ती १८७५ साली, म्हणजे दलाल स्ट्रीटचा संसार डाऊ जोन्सपेक्षा सात वर्षांनी वडील. दोन जगांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण भांडवल थोडे, मित्र मोजके आणि छापील शब्दावर भिस्त मोठी, असा तो काळ दोन्हीकडे होता खरा.

आता त्या तळघरातले काम पाहू, कारण पेढीचा सगळा जीव तिथे होता. सकाळपासून डाऊ, जोन्स आणि बर्गस्ट्रेसर बँका, रेल्वेची कार्यालये, दलालांच्या पेढ्या पालथ्या घालत. बातमी हाती आली की धावत परत. टेबलाभोवती लेखनिक बसलेले असत. पापुद्र्यासारखे पातळ कागद आणि त्यांच्यामध्ये कार्बन, अशी चळत प्रत्येकापुढे असे. एक जण बातमी सांगे, बाकीचे टोकदार लेखणी जोराने दाबत उतरवून घेत. सगळ्यात खालच्या कागदावर अक्षर उमटले पाहिजे म्हणून हात दुखेपर्यंत दाबावे लागे. चार-सहा ओळींची बातमी संपली की कागद सुटे करायचे आणि दारात उभ्या असलेल्या पोरांच्या हाती द्यायचे. प्रत्येक पोराचा रस्ता ठरलेला, पेढ्या ठरलेल्या. तो धावत जाई, चिठ्ठी टाकी आणि पुढच्या चिठ्ठीसाठी परत येई. हे दिवसभर चाले. पेढीचे उत्पन्न या चिठ्ठ्यांच्या वर्गणीवर होते. ज्याची पोरे आधी पोचतील त्याची वर्गणी टिके, पण आधी पोचलेली बातमी दुसऱ्या दिवशी खोटी ठरली तर वर्गणी तुटे. वेग आणि खरेपणा यांची ही ओढाताण त्या तळघरात रोजची होती. माझ्या मते डाऊ जोन्सचा पुढचा सव्वाशे वर्षांचा इतिहास याच ओढाताणीचा आहे. बाकी इमारती बदलल्या, यंत्रे बदलली, मालक बदलले.

दिवसभराच्या चिठ्ठ्यांचा गोषवारा संध्याकाळी एकत्र हवा, अशी वर्गणीदारांची मागणी होती. त्यातून १८८३ च्या नोव्हेंबरात ‘कस्टमर्स आफ्टरनून लेटर’ हे दोन पानी पत्रक निघू लागले. ३ जुलै १८८४ रोजी त्या पत्रकात डाऊंनी अकरा समभागांच्या भावांची सरासरी छापली. अकरांपैकी नऊ रेल्वे कंपन्या, कारण तेव्हा बाजार म्हणजे रेल्वे. उरलेल्या दोघांपैकी एक आगबोटीची, दुसरी तारायंत्राची. त्या आधीच मे महिन्यात वॉल स्ट्रीटवर मोठी घबराट होऊन गेली होती. लोकांना एकेका समभागाचा भाव कळत होता. एकूण बाजार चढला की उतरला हे कुणालाच सांगता येत नव्हते. डाऊंनी बेरीज केली, अकराने भागले आणि आकडा छापला. इतके सोपे काम आधी कुणाला सुचले नव्हते.

पत्रकाचा व्याप वाढला आणि ८ जुलै १८८९ रोजी त्याचे ‘द वॉल स्ट्रीट जर्नल’ झाले. चार पाने, किंमत दोन सेंट. रविवार आणि बाजाराच्या सुट्ट्या वगळता रोज दुपारी अंक निघे. नाव बर्गस्ट्रेसर यांनी सुचवले असे मानतात. पहिल्या अंकात पत्राने आपले धोरण सांगितले, त्याचा मथितार्थ असा: समभाग, कर्जरोखे आणि काही जिनसा यांच्या भावांतल्या चढउतारामागची दररोजची बातमी पूर्णपणे आणि निःपक्षपाताने द्यायची, आणि मतांपेक्षा बातमीवर भर ठेवायचा. तोवर पेढीत पन्नासेक माणसे झाली होती. १८९७ साली धावणाऱ्या पोरांच्या जोडीला तारेवरून बातमी छापणारे टिकर यंत्र आले आणि वर्षभरात जर्नलची सकाळची आवृत्तीही निघाली.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी. स्मरणिकेत अशा गोष्टी गाळण्याची रीत आहे, पण ती गाळली तर डाऊ देव होतील आणि इतिहास पोथी होईल. १८८५ च्या अखेरीपासून १८९१ पर्यंत डाऊ न्यूयॉर्क शेअर बाजाराचे सदस्य होते, एका दलाली पेढीत भागीदार होते. त्या पेढीतले रॉबर्ट गुडबॉडी हे आयर्लंडचे. अमेरिकेचे नागरिकत्व मिळेपर्यंत त्यांना बाजारात सदस्य होता येईना, म्हणून ती जागा डाऊंनी घेतली आणि काम झाल्यावर सोडली. बाजाराची बातमी छापणारा माणूस बाजाराचा सदस्य! आज सेबीपुढे असे प्रकरण गेले तर काय होईल हे सांगायला नको. तेव्हा हे उघडपणे झाले आणि कुणाला खटकले नाही. डाऊंच्या बाजूने एवढे म्हणता येते की, बाजारातले सौदे प्रत्यक्षात कसे उरकतात हे त्यांनी आतून पाहिले आणि ते ज्ञान पुढच्या लेखनात उतरले. पण हा मार्ग अनुकरणाचा नव्हे, एवढे आपल्या तरुण सभासदांसाठी नोंदवून ठेवतो.

२६ मे १८९६ रोजी निव्वळ औद्योगिक कंपन्यांची पहिली सरासरी प्रसिद्ध झाली. बारा कंपन्या: कापसाच्या सरकीचे तेल, साखर, तंबाखू, शिसे, रबर, कातडी, मद्य, कोळसा-लोखंड, शिकागो आणि सेंट लुईस इथल्या गॅस कंपन्या, विजेची नॉर्थ अमेरिकन आणि जनरल इलेक्ट्रिक. प्रतिष्ठित गुंतवणूकदार तेव्हा रेल्वेचे रोखे घेत. हे औद्योगिक समभाग म्हणजे सट्टेवाल्यांचे खेळणे समजले जाई. बारा भावांची बेरीज, भागिले बारा, उत्तर ४०.९४. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत व्हावे असे गणित, आणि ते तसेच असावे ही डाऊंची गरज होती, कारण बाजार मिटल्यावर अंक छपाईला जायच्या आत आकडा तयार हवा. त्यातला दोष आपण सगळे जाणतो. शंभर डॉलरच्या समभागाचे वजन दहा डॉलरच्या समभागाच्या दसपट, मग कंपनी केवढीही असो. समभागाचे विभाजन झाले की गणित बिघडे, म्हणून १९२८ पासून तीस कंपन्या आणि बदलता भाजक अशी सोय झाली. मूळ दोष अजून तसाच आहे. आपला सेन्सेक्स १९८६ साली बाजारमूल्याच्या हिशेबाने सुरू झाला, २००३ पासून त्यात फक्त बाजारात फिरणारे समभाग धरतात. शास्त्र म्हणून तो कितीतरी सरस. तरीही जगभरचे लोक सकाळी उठून डाऊच विचारतात. पहिल्या बारांपैकी जनरल इलेक्ट्रिक सर्वांत जास्त टिकली, तीही २०१८ साली यादीतून गेली.

‘डाऊ थिअरी’ नावाचे पुस्तक डाऊंनी कधी लिहिले नाही. १८९९ ते १९०२ या काळात जर्नलमध्ये ‘रिव्ह्यू अँड आउटलुक’ या सदरात त्यांनी जे अग्रलेख लिहिले, त्यातून इतरांनी ती विणली. एका लेखात त्यांनी समुद्रकाठच्या माणसाचे उदाहरण दिले होते: भरती कुठवर आली हे पाहायला तो लाटेच्या रेषेवर काठ्या रोवत जातो, आणि लाटा शेवटच्या काठीपर्यंत पोचेनाशा झाल्या की ओहोटी लागली असे ओळखतो. सरासरी म्हणजे त्या काठ्या. लेखाचा सूर सांगोवांगीचा नव्हता, भविष्यकथनाचाही नव्हता. वाचकांच्या पत्रांना उत्तरे द्यावीत तसे ते लिहीत. सट्ट्यात माणूस का बुडतो, तोटा लवकर का कापावा, हे थोडक्या भांडवलाच्या माणसाला समजेल अशा शब्दांत असे. ‘सिद्धान्त’ हे नाव त्यांच्या मृत्यूनंतर एस. ए. नेल्सन यांच्या पुस्तकाने रूढ केले आणि जर्नलचे संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन यांनी त्याला शिस्त लावली. १९२९ च्या ऑक्टोबरात, पडझड ऐन भरात असताना, मोठी तेजी संपल्याचे याच सिद्धान्ताच्या आधारे हॅमिल्टन यांनी अग्रलेखात लिहिले. पुढच्या सात आठवड्यांत ते स्वतःच वारले.

मूळ भागीदारी मात्र केव्हाच विसकटली होती. जोन्स १८९९ च्या सुरुवातीला बाहेर पडले. डाऊंची प्रकृती ढासळत गेली. १९०२ साली कंपनी १ लाख ३० हजार डॉलरना विकली गेली आणि ४ डिसेंबर १९०२ रोजी ब्रुकलिन येथे डाऊ वारले. वय अवघे एक्कावन्न.

घेणारे क्लॅरेन्स बॅरन हेही मूळचे बातमीदारच. बॉस्टनच्या एका सायंदैनिकात बारा वर्षे आर्थिक बातम्या देऊन त्यांनी १८८७ साली स्वतःची ‘बॉस्टन न्यूज ब्युरो’ काढली होती. तीही चिठ्ठ्या वाटणारी पेढी, आणि डाऊ जोन्सचे बॉस्टनचे काम तेच पाहत. त्यामुळे धंदा घरातच राहिला. बॅरन यांचे व्यक्तिमत्त्व कादंबरीला पुरेल असे. उंची बेताची, वजन दीडशे किलोच्या आसपास, पांढरी दाढी, खाण्याचा अफाट शौक. लेखनिक सतत बरोबर. बिछान्यात असोत की न्हाणीघरात, मजकूर सांगणे चालूच. बड्या उद्योगपतींशी झालेली संभाषणे ते तशीच्या तशी टिपून ठेवत, त्यांच्या मृत्यूनंतर त्या टिपणांचे पुस्तक झाले. १९१२ साली त्यांनी अध्यक्षपद घेतले तेव्हा जर्नलचा खप सात हजारांच्या घरात होता, १९२० पर्यंत तो अठरा हजारांवर गेला. १९२१ साली ‘बॅरन्स’ साप्ताहिक निघाले, ते आजही चालू आहे.

त्यांची एक कामगिरी मात्र आपल्या मंडळाच्या प्रत्येक शिबिरात सांगण्यासारखी आहे. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझी हा गृहस्थ पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के व्याज देत होता. परदेशी पोस्टाची उत्तर-कूपने तिकडे स्वस्तात घ्यायची आणि अमेरिकेत वटवायची, हा आपला धंदा असल्याचे तो सांगे. लोक रांगा लावून पैसे देत होते. ‘बॉस्टन पोस्ट’ या पत्राने बॅरन यांना हिशेब तपासायला सांगितले. बॅरन यांनी कुठलेही गुप्त कागद मिळवले नाहीत. त्यांनी गुणाकार केला. पाँझीने गोळा केलेल्या रकमेला पुरतील अशी कूपने सोळा कोटी हवीत, आणि प्रत्यक्षात चलनात होती सुमारे सत्तावीस हजार. वर, इतका नफा देणारा माणूस स्वतःचा पैसा त्याच धंद्यात न घालता बँकेत आणि जमिनीत का ठेवतो, असा प्रश्न त्यांनी विचारला. काही आठवड्यांत पाँझी गजाआड गेला. दामदुप्पट योजनांचे बळी आपल्या प्रत्येक गावात आहेत. गुणाकार करून पाहणारा मात्र दर वेळी उशिरा येतो.

बॅरन १९२८ साली गेले आणि कंपनी त्यांच्या पत्नीच्या पहिल्या विवाहातल्या मुलींच्या, म्हणजे बॅनक्रॉफ्ट घराण्याच्या वाट्याला आली. मंदीत खप कोसळला. ज्यांना समभागांचे भाव वाचायचे होते त्यांच्याकडे पैसाच उरला नव्हता. त्यातून कंपनीला वर काढले ते इंडियानातून आलेल्या बर्नार्ड किलगोर यांनी. १९४१ साली ते व्यवस्थापकीय संपादक झाले तेव्हा अंक तीस-पस्तीस हजार खपत होता. १९६७ मध्ये ते वारले तेव्हा दहा लाखांवर गेला होता. बँकेची बातमी बँकवाल्यासाठी लिहू नका, बँकेत खाते असलेल्यासाठी लिहा, असे ते बातमीदारांना बजावत. आणि व्यापारी माणूस न्यूयॉर्कचा असो की कॅलिफोर्नियाचा, त्याला सकाळी एकच पत्र मिळाले पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. दोन्ही गोष्टी आज सामान्य वाटतात, तेव्हा संपादकीय खात्यात त्यावर कटकटी झाल्या.

किलगोर यांच्याच काळात, १९५४ साली, जनरल मोटर्सच्या पुढच्या वर्षीच्या मोटारींची रूपे जर्नलने आधीच छापली. कंपनी भडकली, जाहिराती थांबवल्या, माहिती देणे बंद केले. त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या जाहिरातदार कंपन्यांपैकी ती एक. पत्राने माघार घेतली नाही. काही आठवड्यांनी कंपनीनेच घेतली. डाऊंच्या तळघरातली वर्गणी आणि खरेपणा यांची ओढाताण इथे पुन्हा आली होती, फक्त रकमेला शून्ये जास्त लागली होती.

प्रत्येक वेळी निकाल असा चांगला लागला असे नाही. १९८० च्या दशकात जर्नलच्या ‘हर्ड ऑन द स्ट्रीट’ या सदराचा भाव मोठा होता. त्यात एखाद्या समभागाबद्दल चांगले-वाईट आले की भाव हलत असे. सदर लिहिणाऱ्यांपैकी आर. फॉस्टर वायनन्स यांनी उद्या काय छापून येणार हे एका दलालाला आदल्या दिवशी सांगायला सुरुवात केली, त्याबद्दल पैसे घेतले. १९८४ साली हे उघडकीस आले. म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून पेढी निघाली होती, तोच रोग शंभर वर्षांनी तिच्याच घरात. पत्राने हे प्रकरण स्वतःच्या अंकात सविस्तर छापले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७ साली शिक्षा कायम झाली. न्यायालयाने सांगितले की, छापण्याआधीची बातमी ही वृत्तपत्राची मालमत्ता आहे. चिठ्ठ्या वाटणाऱ्या डाऊ-जोन्स-बर्गस्ट्रेसर यांना हे कोर्टाने सांगायची गरज पडली नसती.

११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले तेव्हा रस्त्यापलीकडच्या इमारतीत जर्नलचे कार्यालय होते. ते निकामी झाले. माणसे न्यू जर्सीतल्या दुसऱ्या जागेतून, घरांतून, जमेल तिथून काम करत राहिली आणि दुसऱ्या दिवशीचा अंक निघाला. त्या बातमीदारीला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला.

बॅनक्रॉफ्ट घराण्याचा वारसा जवळजवळ ऐंशी वर्षे टिकला, पण तोवर वारसांची संख्या वाढली होती आणि इंटरनेटने जाहिराती पळवल्या होत्या. २००७ साली रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने समभागामागे साठ डॉलर देऊ केले. बाजारात तेव्हा भाव त्याच्या दोन-तृतीयांशही नव्हता. घराण्यात महिनोन्‌महिने वाद झाले. संपादकीय स्वातंत्र्य राखण्यासाठी एक समिती नेमायचे ठरले आणि पाच अब्ज डॉलरना व्यवहार पुरा झाला. १ लाख ३० हजारांवरून पाच अब्ज. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण साठ डॉलरची ऑफर आली नसती तर कुटुंबातल्या कितीजणांनी हा समभाग सांभाळला असता याची मला शंका आहे.

निर्देशांकाचा धंदा त्यानंतर वेगळा झाला. २०१० साली त्यातला ९० टक्के वाटा शिकागोच्या सीएमई समूहाकडे गेला आणि २०१२ पासून तो ‘एस अँड पी डाऊ जोन्स इंडायसेस’ या संयुक्त कंपनीत आहे. याच कंपनीने २०१३ मध्ये मुंबई शेअर बाजाराशी भागीदारी केली आणि आपला सेन्सेक्स काही वर्षे ‘एस अँड पी बीएसई सेन्सेक्स’ म्हणून छापला जात होता. २०२४ मध्ये मुंबई शेअर बाजाराने भागीदाराचा वाटा विकत घेतला, आणि सेन्सेक्सच्या नावापुढचे ते परके बिरुद गळाले.